सुका कचरा नेमका कुणाचा?

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, चार-दोन वाक्यं सरळ केलीत इतकंच.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून निघाला. पुण्यातलेच आहेत, ३०० फ्लॅटच्या सोसायटीत राहतात, या वर्षी कमिटीवर आहेत. त्यांनी लिहिलं होतं, "आमच्याकडे एक कंपनी आली आहे. म्हणते, सुका कचरा आम्हाला द्या. आमची गाडी येईल, वजन करू, ॲपवर पावती मिळेल आणि किलोमागे सोसायटीला पैसे देऊ. ओला कचरा मात्र आता नेतात त्या बायकाच नेतील. सगळ्यांचा फायदा दिसतोय, तरी मनाला पटत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?"

मी त्यांना उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, याचा भागच करू या. कारण असे मेसेज आता एकट्यादुकट्याला नाही, बऱ्याच सोसायट्यांना येतायत.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपण दारात दोन बादल्या ठेवतो, एक ओल्याची, एक सुक्याची. आपल्या दृष्टीने दोन्ही कचराच. पण ज्या बाई त्या बादल्या उचलतात त्यांच्या दृष्टीने पहिली बादली म्हणजे काम आणि दुसरी म्हणजे काम अधिक कमाई. हे मला ऐकून माहीत होतं, पण नीट कळलं ते आमच्याकडच्या ताईंबरोबर मी दोन दिवस सकाळी फिरले तेव्हा. (मी त्यांना ताई म्हणते, त्या मला आधी मॅडम म्हणायच्या, आता त्याही ताईच म्हणतात. वयाने आम्ही दोघी सारख्याच असू.)

सकाळी सातला ढकलगाडी घेऊन त्या आणि त्यांची जाऊ येतात. वरच्या मजल्यापासून सुरुवात. जिन्यात बादली पालथी करायची, ओलं एका डब्यात, सुकं पोत्यात. दहाच्या आसपास सगळं खाली येतं. ओला कचरा फीडर पॉइंटला, म्हणजे महापालिकेची गाडी जिथे उभी राहते तिथे, नेऊन द्यायचा. आणि मग सुरू होतं खरं काम, ते म्हणजे सुक्या कचऱ्याची निवड.

आता ही निवड म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. आपण ज्याला सरसकट 'प्लास्टिक' म्हणतो त्याचे त्यांच्याकडे सात-आठ ढीग होतात. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या पारदर्शक बाटल्या वेगळ्या. दुधाच्या पिशव्या वेगळ्या. शाम्पूच्या, फिनाईलच्या बाटल्या म्हणजे 'फुगा', कारण त्या फुगवून बनवतात. वाकवलं की तडकन मोडतं ते 'कडक'. काळं प्लास्टिक वेगळं, त्याला भाव कमी. कागदातही तसंच: वर्तमानपत्राची रद्दी, वहीचा पांढरा कागद, पुठ्ठा, आणि ज्याला काही किंमत नाही तो चिकट, तेलकट कागद. ताई हे हाताने चाचपून, कधी बाटली नुसती दाबून तिचा आवाज ऐकून ठरवतात. मी एक झाकण त्यांच्या समोर धरलं आणि विचारलं, हे कशात? त्या म्हणाल्या, "झाकण बाटलीत नाय जात ताई, त्याचा माल निराळा." खरंच आहे. पाण्याची बाटली एका प्लास्टिकची असते आणि तिचं झाकण दुसऱ्याच. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या नाहीत, पण त्यांना हे माहीत नसेल तर दुकानदार पोत्यामागे पैसे कापतो. म्हणजे परीक्षा रोजचीच.

पुढे या मालाचं काय होतं? पाण्याच्या बाटल्यांचे तुकडे होतात आणि त्यांतून पॉलिस्टरचा धागा निघतो. दुधाच्या पिशव्यांचे दाणे होतात आणि त्यांतून पुन्हा पिशव्या, पाइप वगैरे. पुठ्ठा कागद गिरणीत जातो आणि पुन्हा पुठ्ठाच होतो. एक लक्षात ठेवा, यातलं काहीही फुकट होत नाही. प्रत्येक पायरीवर कुणीतरी विकत घेतं म्हणून पुढची पायरी चालते. उद्या कच्च्या तेलाचे भाव पडले तर नवं प्लास्टिक स्वस्त होतं, जुन्याला कोण विचारतो? मग भंगारवाला ताईंना म्हणतो, आज भाव उतरला. आखातात काहीतरी घडतं आणि आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला बसलेल्या बाईची दिवसाची कमाई कमी होते, इतकं ते सरळ जोडलेलं आहे.

बरं, आता विकत न जाणाऱ्या मालाबद्दल. वेफर्सचं पाकीट घ्या. बाहेरून प्लास्टिक, आत चकचकीत थर, मध्ये आणखी एखादा थर, सगळे एकमेकांना चिकटवलेले. ते थर सोडवता येत नाहीत, म्हणून वितळवून त्याचं पुन्हा तसंच काही बनवता येत नाही. शिवाय वजन बघा. एक छोटं पाकीट चार-पाच ग्रॅमचं. किलो भरायला दोनशे-अडीचशे पाकिटं वेचायची आणि त्याला घेणारा कुणी नाही. काही ठिकाणी कुणी पैसे घालून ती गोळा करवतं आणि सिमेंटच्या भट्ट्यांत जाळायला पाठवतं. एरवी ती ताईंच्या पोत्यातून निघून पुन्हा महापालिकेच्या गाडीतच जातात. थर्माकोलचं तसंच, फुटक्या कपबशांचं तसंच. थोडक्यात, सुक्या बादलीतला बराच भाग ताईंना नुसता वाहून न्यावा लागतो. उरलेल्या विकाऊ मालावर त्या हा भार सहन करतात.

एक बारीकशी गोष्ट सांगते, लगेच उपयोगी पडेल. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका. कात्री थोडी अलीकडे थांबवा, कोपरा पिशवीलाच लटकू द्या. तो नखाएवढा तुकडा कुणालाच वेचता येत नाही, तो थेट गटारात किंवा ओल्या कचऱ्यात जातो. आणि पिशवी विसळून टाका. बास.

आता थोडं मागे जाऊ, कारण त्या श्रोत्याला पडलेला प्रश्न पुण्यात पहिल्यांदा पडलेला नाही. तो तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अगदी याच रूपात उभा राहिला होता.

तेव्हा दारातून कचरा नेण्याची पद्धतच नव्हती. चौकात कचराकुंडी असायची, लोक तिथे सगळं एकत्र नेऊन टाकायचे आणि कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बाया त्या कुंडीत उतरून विकाऊ माल काढायच्या. बहुतेक बाया मातंग आणि बौद्ध समाजातल्या. अनेकींची घरं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेली. शेतमजुरी गेली, धुणीभांडी करायला जातीमुळे कुणी घरात घेईना, मग कुंडी. लोक चोर म्हणायचे, पोलीस हटकायचे, कुत्री मागे लागायची. एसएनडीटी विद्यापीठात प्रौढ शिक्षणाचं काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमने या दोघी वस्त्यांमध्ये शिकवायला गेल्या आणि त्यांना दिसलं की मुली पहाटेच कचरा वेचायला जातात, वर्गाला येणार कुठून? मग या दोघी त्यांच्या मागोमाग गेल्या. आणि एक साधी गोष्ट त्यांनी करून पाहिली. काही सोसायट्यांना विनंती केली की सुका कचरा वेगळा ठेवा आणि थेट या बायांना द्या. कुंडीत उतरायची गरज नाही, माल स्वच्छ, वेळ वाचतो, कमाई वाढते.

हे जमायला लागलं आणि तेवढ्यात काय झालं? एका व्यावसायिकाने तीच कल्पना उचलली. गाडी आणली आणि दारोदार सुका कचरा गोळा करायला सुरुवात केली. बायांच्या तोंडचा घासच तो. तेव्हा त्या गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, गाडी जाऊ दिली नाही. या आंदोलनाची तुलना नंतर लोकांनी चिपकोशी केली.

त्यातून पुढे डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ च्या मे महिन्यात पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. हमालांना संघटित करण्याचा बाबांचा अनुभव तिथे कामाला आला. संघटनेची पहिली मोठी मागणी कुठली, तर पैसे नव्हे, ओळखपत्र. महापालिकेने ते मान्य केलं. ओळखपत्र हातात असलं की हटकणाऱ्याला दाखवता येतं, मी चोर नाही, हा माझा धंदा आहे. आपल्याला यात काय विशेष असं वाटेल. ज्या बाईला रोज सकाळी हे सिद्ध करावं लागायचं तिला विचारा.

मग २००० साली केंद्राचे घनकचऱ्याचे नियम आले. दारातून कचरा गोळा करणं नगरपालिकांवर बंधनकारक झालं, कुंड्या हळूहळू जाणार हे ठरलं. कुंड्या गेल्या की वेचणाऱ्यांचं काय? पंचायतीचं म्हणणं होतं, दारोदारचं काम यांनाच द्या. २००७ मध्ये 'स्वच्छ' ही या कामगारांच्याच मालकीची सहकारी संस्था नोंदवली गेली, २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आज तिच्यात ३,००० हून अधिक सभासद आहेत. घराकडून महिन्याला ठरलेली फी आणि सुक्या कचऱ्यावरचा हक्क अशी त्यांच्या मोबदल्याची रचना आहे. महापालिका त्यांना पगार देत नाही. हे फार जणांना ठाऊक नसतं. "महानगरपालिकेचे लोक आहेत, आम्ही टॅक्स भरतो, वर फी कशाला?" हे वाक्य मी आमच्याच लिफ्टमध्ये किती वेळा ऐकलंय. करारसुद्धा कायमचा नाही. २०२० च्या अखेरीस तो संपला तेव्हा पुढे बरेच दिवस छोट्या छोट्या मुदतवाढींवर काम चाललं होतं, आणि तेसुद्धा कोरोनाच्या काळात, आपण दार उघडायला घाबरत होतो तेव्हा या बाया जिने चढत होत्या.

तर आता हिशोब करू. खालचे आकडे माझे, समजायला सोपे म्हणून घेतलेले. समजा ३०० घरं, फी ७० रुपये, महिन्याला २१,००० रुपये जमले. सगळ्यांनी दिले तर. दोघीजणी काम करतात, म्हणजे एकीला १०,५००. यात आठवड्याची सुट्टी नाही, आजारपण धरलेलं नाही, बदली माणूस लावला तर त्याचे पैसे यातूनच. एवढ्या पैशात पुण्यात घर चालत नाही. चालतं ते सुक्या कचऱ्याच्या विक्रीमुळे.

आता कंपनीची बाजू. समजा घरटी दिवसाला ३०० ग्रॅम विकाऊ माल निघतो. ३०० घरांचा झाला ९० किलो, महिन्याचे २,७०० किलो. कंपनी किलोला दोन रुपये देते म्हणू. सोसायटीला महिन्याला ५,४०० रुपये मिळाले. ऐकायला बरं वाटतं. पण ३०० घरांनी भागा, घरटी १८ रुपये पडतात. एका घराला महिन्याला १८ रुपये मिळावेत म्हणून दोन बायांच्या कमाईतला मोठा वाटा काढून घ्यायचा, आणि त्यांच्याकडे काय ठेवायचं, तर नासलेली भाजी, डायपर आणि वेफर्सची पाकिटं. मलई एकाने खायची आणि ताकाचं पातेलं दुसऱ्याने घासायचं, तशातला प्रकार.

आणि हे फार दिवस टिकतही नाही बरं का. नुसत्या फीवर काम परवडेना झालं की त्या फी वाढवून मागतील किंवा सोडून जातील. मग ओल्या कचऱ्यासाठी कंत्राटदार शोधा. तो घरटी काय मागेल याची चौकशी करून बघा एकदा.

एकाएकी सगळ्यांना आपला सुका कचरा हवासा का झाला, असंही त्या श्रोत्याने विचारलं होतं. त्याचं एक कारण सरकारी नियमांत आहे. पॅकेजिंग वापरणाऱ्या कंपन्यांनी आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकची जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व २०१६ च्या प्लास्टिक नियमांत होतं. २०२२ मध्ये त्याची सविस्तर चौकट आली, लक्ष्यं ठरली, प्रमाणपत्रं आली. ज्याच्याकडे प्लास्टिकवर प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र, त्याच्याकडून ते मोठ्या कंपन्या विकत घेतात. म्हणजे प्लास्टिकच्या मालाबरोबर आता त्याच्या कागदालाही किंमत आली. नियम चांगलाच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण हा पैसा पॅकेजिंगवाल्याकडून निघतो, प्रक्रिया करणाऱ्याकडे जातो, आणि भिंतीला बसून निवड करणाऱ्या बाईपर्यंत पोचण्याची सोय त्यात आपोआप होत नाही.

दुसऱ्या बाजूचंही ऐकलं पाहिजे. आमच्याच सोसायटीत एक काका आहेत, निवृत्त इंजिनीयर, सरळ माणूस. ते म्हणाले, "एकविसाव्या शतकात माणसाने हाताने दुसऱ्याचा कचरा चिवडायचा, हे चालू ठेवायचं म्हणतेस तू? यंत्र येऊ दे की." हा प्रश्न मला टोचला, कारण तो खोटा नाही. जातीने जे काम माथी मारलं ते तसंच पुढे चालू राहावं असं मलाही वाटत नाही. पण यंत्र आलं म्हणजे काय होतं ते पाहू. गाडीच्या कंत्राटात बहुतेक वेळा पैसे टनावर मिळतात. जितकं वजन जास्त तितकं बिल मोठं. कचरा कमी व्हावा, त्यातून माल निघावा, यात कंत्राटदाराचा काही लाभ नाही. आणि दाबून भरणाऱ्या गाडीत ओलं-सुकं एकत्र दाबलं गेलं की कागद मेला समजा. उलट ताईंची कमाई जेवढं बाहेर काढलं त्यावर आहे. म्हणून त्या गाळात हात घालून एक-एक बाटली काढतात. त्यांचे हात वाचवायचे असतील तर गाळ आपण दारातच वेगळा करायचा. मी काकांना हेच म्हटलं. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांच्या घरची सुकी बादली हल्ली कोरडी असते.

माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे बऱ्याच शहरांत कागद, काच, पत्रा, प्लास्टिक सगळं एकाच मोठ्या डब्यात टाकून रस्त्याकडेला ठेवतात, गाडी येऊन डबा उचलून पालथा करते. पुढे कारखान्यात पट्ट्यांवरून, चुंबकांवरून, कॅमेऱ्यांखालून तो वेगळा होतो. तिला तो प्रकार फार आवडायचा, आपल्याकडे हे कधी येणार असं विचारायची. पण त्या पट्ट्यांच्या कडेलाही माणसं उभी असतात, नको ते ओढून काढायला. आणि त्या देशांतलं पुष्कळसं प्लास्टिक वर्षानुवर्षं जहाजांत भरून चीनला जात होतं. २०१८ च्या सुरुवातीला चीनने ते घ्यायचं थांबवलं तेव्हा तिकडच्या अनेक गावांना माल ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. निवड कुणाला तरी करावीच लागते. आपल्याकडे ती करणारी बाई डोळ्यांसमोर असते, म्हणून आपल्याला अवघडल्यासारखं होतं.

आता जरा नकोसा विषय, पण टाळणार नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर. त्या दोन सकाळी मी जे पाहिलं त्यात हे सगळ्यात वाईट होतं. उघडे, नुसते बादलीत टाकलेले, काही सुक्या कचऱ्यात. नियम स्पष्ट आहे, गुंडाळून वेगळं द्यायचं. 'स्वच्छ'च्या बायांनी यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली. वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर पेनाने एक लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही, आत काय आहे ते कळतं. एवढंच. लाल पेन नसेल तर जुनी लिपस्टिक चालते, मी तीच ठेवलीये बाथरूममध्ये. ताईंना विचारलं, किती घरं करतात? "बोटावर मोजा," म्हणाल्या. फुटलेली काच, ब्लेड, इन्सुलिनच्या सुया यांचंही तसंच. ताईंच्या उजव्या तळहातावर एक लांब व्रण आहे, फुटक्या ट्यूबलाइटचा. सुया एखाद्या जाड रिकाम्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, वर लिहून द्या. हातमोजे घाला ना, असं आपण सहज म्हणतो. हातमोज्यातून कडक आणि फुगा यांतला फरक बोटांना कळत नाही, म्हणून निवडताना त्या काढून ठेवतात.

न विकला जाणारा कचरा जातो कुठे हेही पुणेकरांनी विसरू नये. शहरात दिवसाला २,००० टनांहून जास्त कचरा निघतो. पूर्वी कोथरूडला डेपो होता, जिथे आज मेट्रोची वनाजची कारशेड आहे. वस्ती वाढली, डेपो हलला, तो उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. कोथरूडच्या लोकांना वास नको होता तसा तो फुरसुंगीच्या लोकांनाही नकोच होता, पण त्यांचं ऐकायला फार वर्षं गेली. विहिरींचं पाणी गेलं, मग त्यांनी गाड्या अडवल्या. ज्या ज्या वेळी अडवल्या, शहरात चार दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग दिसायला लागले. ताईंच्या पोत्यात जाणारी प्रत्येक बाटली, प्रत्येक पुठ्ठा त्या गाडीत चढत नाही. त्या वाहतुकीचे, जागेचे पैसे महापालिकेचे वाचतात, म्हणजे तुमचे-माझे.

तर त्या श्रोत्याला मी काय सांगितलं? कायद्याने बंदी नाही. २०१६ च्या नियमांत म्हटलं होतं, विकाऊ सुका कचरा अधिकृत कचरावेचकांना किंवा अधिकृत प्रक्रिया करणाऱ्यांना द्या. दोन्ही चालतं, म्हणजे निवड तुमच्या कमिटीची. माझं मत विचाराल तर देऊ नका. आणि द्यायचाच ठरला तर सभेत त्या कंपनीच्या माणसाला बोलावून विचारा की निवडीचं काम तुम्ही याच दोघींना पगारावर द्याल का, आणि किती. विचारा की वेफर्सची पाकिटं, थर्माकोल, फुटक्या कपबशा पण नेणार का, की फक्त बाटल्या आणि पुठ्ठा. भाव पडला तरी गाडी येत राहील असं करारात लिहून देता का, हेही विचारा. तेल उतरल्यावर येणं बंद करणारे मी पाहिलेत, तेव्हा पुन्हा ताईंनाच फोन जातो. आणि त्या दोघींना सभेला बोलवा. त्यांच्या उत्पन्नाचा विषय आहे आणि त्या गेटबाहेर बसलेल्या, असं नको. तुमची घरची महिन्याची वर्तमानपत्राची रद्दी तुम्ही दुकानात विकता, ती विका, त्यावर कुणाचंही काही म्हणणं नाही. मी बोलतेय ते रोज बादलीत येणाऱ्या मालाबद्दल.

फी वेळेवर आणि सगळ्या घरांची जमा व्हावी ही जबाबदारी मात्र कमिटीने घ्यावी. दारोदार ७० रुपये मागत फिरणं, "सुट्टे नाहीत, उद्या या" ऐकणं, यात त्यांचा महिन्याचा पहिला आठवडा जातो. मेंटेनन्समध्ये धरा आणि एकदम द्या.

मी आमच्या ताईंना शेवटी विचारलं होतं, सोसायटीकडून तुम्हाला नेमकं काय हवंय? मला वाटलं पैसे म्हणतील, दिवाळीचा बोनस म्हणतील. त्या म्हणाल्या, "ताई, बसायला पत्र्याखाली जागा द्या दहा बाय दहा. पाऊस आला की पुठ्ठा भिजतो, भिजला की निम्मा भाव. आणि नळ द्या एक, हात धुवायला. तुमच्या खालच्या बाथरूमला कुलूप असतं." आमच्या पार्किंगच्या मागे जुन्या सायकली टाकलेली एक शेड आहे, बरोबर तेवढीच. त्या सायकली कुणाच्या आहेत याचा शोध गेले तीन आठवडे चालू आहे. नळाची परवानगी मिळाली, प्लंबर रविवारी येतोय.

तुमच्याकडे अशी कंपनी आली असेल, काय ठरवलंत, का ठरवलंत, जरूर कळवा. पुढच्या भागात ओल्या कचऱ्याबद्दल बोलू, म्हणजे सोसायटीतला तो खताचा खड्डा, जो सुरू होऊन दोन महिन्यांत बंद पडतो, त्याबद्दल. भेटू.